टिटवी गप्प आहे

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती.

बांधायला दुसरं काही नव्हतंच का? ती लाल ओढणीच कावून बांधली मी?

सकाळी तलावावर पक्षी बघायला गेले, तर पाणी आटलेल्या भागातून गाळ भरलेले ट्रॅक्टर चाललेले. त्यांच्या वाटेलगतच टिटवीची अंडी, उघड्या खड्यांत. चाकाखाली येतील म्हणून मी शेजारी काठी रोवली आणि तिला माझी ओढणी बांधली. ट्रॅक्टरवाले सलीमभाई म्हणाले, "फिकर नोका करू ताई. लाल दिसलं का मी गाडी वळवतो." मी खूश होऊन घरी आले. टिटवी तेव्हाही डोक्यावर ओरडतच होती. म्हटलं, मी गेले की बसेल.

दुपारी वारा सुटला. ओढणी फडफडत असेल! तिला घाबरून टिटवी लांबच राहिली तर? आपल्याकडच्या या उन्हात, सावलीला आई नसेल तर अंडी शिजूनच जातील. चाकापासून वाचवायला गेले मी, आणि...

आत्ता सलीमभाईंना फोन केला. ते तलावाकाठीच राहतात. ओढणी काढायला सांगितली.

"काढतो ना ताई, आत्ताच जातो."

"टिटवी अजून ओरडून राहिली का हो?"

"नाई. दुपारपासून एकदम चूप हाये."

हायसं वाटलं. फोन ठेवला. चहाही टाकला.

मग लक्षात आलं. अंड्यांवर बसलेली टिटवी चूप असते. अंडी सोडून गेलेलीही.