सगळे रांगेत

३ मार्च, सोमवार
साहेबांनी पाण्याच्या तक्रारींची यादी दिली. आठवड्याहून जुनी 'रांगेत', पंधरवड्याहून जुनी 'लवकर', महिन्याहून जुनी 'तातडीची', बाकी 'नवीन'. एकेक तक्रार वाचून शेरा लिहिणं आपल्याला शोभत नाही. एक्सेलमध्ये 'इफ'चा, म्हणजे जर-तरचा, फॉर्म्युला लिहिणार, इफच्या पोटात इफ घालून. उद्या दुपारपर्यंत काम फत्ते.
घरचा नळ अजून कोरडाच. बायकोनं पुन्हा तोच विषय काढला. नवरा पाणीखात्यातच आहे, काळजी कशाला, असं समजावलं.

४ मार्च
फत्ते नाही. एक कंस बंद केला की दुसरा उघडा. कीबोर्ड जुना आहे. डोकं उठलं.

६ मार्च, गुरुवार
जमलं. आधी आठवडा विचारला, मग पंधरवडा, मग महिना. आपण पायरीपायरीनं जाणारे. अख्ख्या यादीत 'तातडीची' एकही नाही. खातं इतकं कार्यक्षम आहे हे मलाही माहीत नव्हतं. तसा अहवाल दिला. साहेब खूश, तातडीचं काम नाही म्हणून खात्याचा टँकर रंगवायला पाठवला.
बायको माझ्या ताईकडून बादल्या भरून आणते. तिची कंबर धरली आहे. बघून वाईट वाटलं. रविवारी पाणी मीच आणणार, नक्की.

१० मार्च, सोमवार
काल डोळा लागला. आठवडाभर डोकं चालवल्यावर लागणारच.
आज ऑफिसच्या दारात माणसं रिकाम्या बादल्या घेऊन उभी. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, महिन्याची तक्रार आठवड्याहूनही जुनी असतेच की. पहिल्याच प्रश्नाला 'हो' मिळालं की फॉर्म्युला पुढचं विचारतच नाही. मी म्हटलं, त्यालाही थोडी समज हवी. साहेबांनी यादी पुन्हा माझ्या हातात दिली.

११ मार्च
महिना आधी घेतला. अर्धी यादी तातडीची निघाली. साहेबांचा हुकूम: अर्धवट रंगलेल्या टँकरबरोबर स्वतः जा, घरोघरी माफी माग, सगळ्यात जुन्या तक्रारीपासून सुरुवात.
सगळ्यात जुनी तक्रार बायकोची. ऑफिसात येऊन रीतसर नोंदवून गेली होती. तक्रार नोंदवल्याचं मला कधी बोलली नाही. ते फार लागलं.
बेल वाजवली. दार तिनंच उघडलं. खात्यातर्फे माफी मागायला आलोय, म्हटलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, नवरा घरी नाही, असला तरी उपयोग नसतो. पाणी मोरीतल्या पिंपात ओता.
ओतलं.