आकाशी टाके

बार्सेलुश,
शनिवार, १८ नोव्हेंबर

लाडक्या तेल्मोस,

ताईचा गोड पापा. इकडे सगळी खुशाली आहे, तिकडे तूही बरा असशील. हे पत्र हुडीच्या खिशात कसं आलं त्यावर आत्ताच डोकं चालवू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, मग काय तो आरडाओरडा कर.

थंडी पडलीय. सेंट मार्टिनच्या सणाला यंदा चेस्टनट मी भाजले, निम्मे करपले. शेजारच्या कुस्तोदियाबाईंनी एक तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "लिओनिल्द, कोळसा खायला बोलावलंस होय गं?" आई खो खो हसली. आई ठीक आहे. सूपही हल्ली मीच करते. कोबी तिच्यासारखा बारीक चिरला जात नाही, पण खाते बिचारी.

माझं काम तेच. लोकांनी विकायला पाठवलेले महागडे कपडे पोर्तोच्या गोदामात येतात, त्यातला ओरिजिनल कुठला आणि फर्स्ट कॉपी कुठली ते मी सांगते. आधी वास घेते, मग कापड तळहातावर तोलते, मग चेन, सगळ्यात शेवटी लेबल. आमचे साहेब वाल्देमार म्हणतात, हिच्या नाकाचा विमा उतरवून ठेवा.

तर पत्रास कारण, मंगळवारी माझ्या टेबलावर एक काळी हुडी आली. लक्झेम्बर्गहून, पाठवणारी कुणी सिल्वी. त्या मिलानच्या कंपनीची, जिचं पाठीवरचं लेबल फक्त चार कोपऱ्यांत टाचलेलं असतं. टाके मुद्दाम सैल, दोऱ्याची टोकं लोंबती, तीच तिची ओळख. डुप्लिकेट करणारे तिथेच फसतात, त्यांचे टाके नीट येतात. या हुडीचे टाके तर इतके नीट की बघत राहावं. घट्ट, बारीक, आणि आकाशी दोऱ्याचे.

तेल्मो, असे टाके घालणारी बाई जगात एकच आहे.

तू लक्झेम्बर्गला निघालास त्याच्या आदल्या दिवशीचं आठवतंय ना? उन्हाळाभर विटा उचलून घेतलेली हुडी तू मिरवत घरी आणलीस. आपली आई जन्मभर कारखान्यात शिवणावर बसलेली. लोंबते दोरे बघून तिच्या अंगावर काटाच आला. "एवढे पैसे घेतात मेले, आणि टाका धड घालता येत नाही!" तू आंघोळीला गेलास तेवढ्यात तिने चारी कोपरे पक्के करून टाकले. पांढरा दोरा संपला होता म्हणून आकाशी. तू केवढा ओरडलास, "आई, वाट लावलीस! आता हिला कुणी ओरिजिनल म्हणेल का?" ती म्हणाली, "काहीही म्हणू देत. माझा मुलगा दोरे लोंबत परदेशी जाणार नाही." आणि तू तीच घालून गेलास.

ती हुडी तू विकायला काढलीस. म्हणजे काम सुटलंय. कधीपासून रे? दर रविवारी फोनवर "मजेत आहे ताई, ओव्हरटाइम चालू आहे" म्हणतोस! आणि मला कळू नये म्हणून कुणा सिल्वीचं नाव घातलंस. गाढवा, नाव बदललंस, टाके कसे बदलशील?

लेबलाखाली कंपनीची छोटी पट्टी असते, ती बघायला मी एक कोपरा कापला. सगळं खरं होतं. ते तर मला माहीतच होतं म्हणा. तेवढ्यात वाल्देमार मागे येऊन उभे.

"काय लिहू?"

"डुप्लिकेट."

"नक्की? कापड बरोबर वाटतंय. चेनही."

"टाके बघा ना," मी म्हटलं आणि मला रडूच कोसळलं. ते बिचारे घाबरले. "अगं, एका हुडीसाठी काय रडतेस? डुप्लिकेट तर डुप्लिकेट!"

या टेबलावर मी पहिल्यांदा खोटं बोलले. ओरिजिनल म्हटलं असतं तर ती कुणा अनोळखी पोराच्या अंगावर गेली असती. डुप्लिकेट ठरली की पाठवणाऱ्याकडे परत जाते, असा आमचा नियम. तुझी नड कळत होती, तरी केलं. मला ती तुझ्याच अंगावर हवी होती. रागव हवं तर. डुप्लिकेट माल पाठवला म्हणून सिल्वीचं खातं आता बंद होईल, तिची माझ्या वतीने माफी माग.

पण तू लपवलंस म्हणून तुला बोलायला मी कोण मोठी? पत्राखाली आईच्या दोन ओळी का नसतात, असं तू विचारलंस, आणि मी चष्मा फुटल्याचं सांगितलं. चष्मा धड आहे. जुलैत तिला झटका आला. बोलते, हसते, हळूहळू चालतेही, पण उजवा हात गेला रे. तुला कळवायचं म्हटलं तर माझ्यावरच डाफरली, "खबरदार! पोरगं चांगलं काम टाकून धावत येईल." आणि तू तिकडे काम नसताना तिला काळजी नको म्हणून बसून राहिलास. काय करावं तुम्हा दोघांचं!

परत पाठवायच्या आधी काल संध्याकाळी हुडी घरी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिने डाव्या हाताने कोपरे चाचपले. "माझे टाके," म्हणाली.

"काम सुटलं ना त्याचं?"

मी मान हलवली.

"आणि हा कोपरा कुणी कापला?"

"मी."

"सुई ओवून दे."

मी शिवते म्हटलं, तर तिने असं बघितलं की मुकाट्याने ओवून दिली. तोच आकाशी दोरा. सुई बोटात गेली, "मेली" म्हणून झालं, घाम आला, पण मला हात लावू देईना. झटक्यानंतरचा तिचा हा पहिला टाका. वाकडा, सैल, आणि गाठ मारायला जमेना म्हणून दोरा लोंबतच राहिला. तिने तो लांब धरून बघितला आणि हसायला लागली. "बघ गं, त्या मिलानवाल्यांसारखा झाला. तुझ्या भाषेत ओरिजिनल."

आईच्या दोन ओळी म्हणजे यावेळी हा टाकाच समज.

काम इथे शोधू. नाही मिळालं तर चेस्टनट भाजायला माणूस हवंच आहे. ख्रिसमसची वाट बघू नकोस, हुडी अंगात घाल आणि निघ. आणि तो दोरा कापू नकोस. तू आलास की डाव्या हाताने का होईना, ती तो पक्का करणार आहे. परदेशी जाताना लोंबता दोरा चालत नाही, घरी येताना चालतो, म्हणते.

दाराकडे डोळे लावून बसलेल्या,
आई आणि ताई