पाथरीचा चीक

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी आईची लाज वाटली, हे इथं तरी खरं लिहावं. खुलताबादहून दोन दिवसांसाठी आलेली, आणि खुरपं घेऊन थेट सोसायटीच्या हिरवळीत बसली. तिथल्या पिवळ्या फुलांवर उद्या तणनाशक मारणार होते. मी गॅलरीतून हाका मारल्या, खाली मात्र गेले नाही. का? तिची बोटं चिकानं काळी झालेली, ओटीत पाला, आणि सगळे बघत होते.

सेक्रेटरी म्हणाले, "आजी, तण आहे ते."

"तण नाय ओ, पाथरी हाय. म्हशीला घाला, दूध वाढतं. भाकरीसंगं कच्ची खा. खुरपताना बाया आधी हीच ओटीत घेत्यात."

दुपारी तिनं मूगडाळ घालून भाजी केली, चार घरी वाट्या दिल्या. संध्याकाळी सेक्रेटरी रिकामी वाटी घेऊन दारात. "गंगापूरला आमची आई अशीच करायची," म्हणाले. फवारणी रद्द! माझीच छाती फुगली.

मग मीही खाली जाऊन आईशेजारी बसून पाथरी खुडली. आता माझीही बोटं काळी आहेत. लिंबानं डाग जातो म्हणे. घरात लिंबू आहे. लावणार नाही. उद्या ऑफिसात याच बोटांनी सही करणार.