इंझोरी ते काटेपूर्णा, पायी

३ फेब्रुवारी, मंगळवार
रजा मंजूर. आठ दिवस. साहेबांनी सही करता करता विचारलं, घरी काही कार्यक्रम? म्हटलं, चालायचं आहे. इंझोरीपासून काटेपूर्णाच्या जंगलापर्यंत, डोंगराडोंगरानं. हसले. एसटीच्या कंडक्टरला पायी चालायची हौस, हा विनोद सहा वर्षं ऐकतेय.
सह्याद्रीत नऊ दिवस चालले. उत्तराखंडात बारा. पण आपल्याच जिल्ह्यात, एकटीनं, तंबू पाठीवर घेऊन... अजून नाही.
वनखात्याचं पत्रही आलं. अभयारण्यात मुक्काम नाही, दिवसा वनरक्षक सोबत. चालेल.

५ फेब्रुवारी
इंझोरी, माहेर. दिलीपही सोडायला आलाय. सॅकचं वजन अकरा किलो, पाण्यासकट.
बाबांनी सॅक पाहिली अन् ताट सरकवलं.
"पायी कायले? गाड्या बंद हायेत काय?"
"गाड्या हायेत बाबा. मले चालायचं हाय."
"आमी चाललो, कारण गाडी नवती. गवताचा भारा डोक्यावर घेऊन कारंज्याले जायचो मी. पायात काही नाही. तू एसटीत लागली तवा कुठं मले सुखानं झोप आली. अन् आता तूच पाठीवर भारा घेऊन राह्यली!"
 जेवले नाहीत ते. दिलीप अंगणात येऊन एवढंच म्हणाला, "तू जा. मी थांबतो इथं, बाबांजवळ."
नवरा म्हणून हा माणूस मला मिळाला, हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं. ठेवलं.

६ फेब्रुवारी
साडेसहाला निघाले. बाबा ओट्यावर, पाठ करून. पाया पडले तर नुसतं "हूं".
२१ कि.मी. बहुतेक पांदण रस्ते, शेताशेतांमधून. हरभरा सोंगणाऱ्या बायांनी अडवलं.
"कोण्या देवाले निघाली व माय?"
"कोण्याच नाही."
"मंग नवस असन."
"नाही."
"नवऱ्यानं हाकललं काय?"
हसून हसून विळे खाली ठेवले त्यांनी. मग बांधावरच हरभऱ्याचा हुळा भाजून दिला, वर म्हणाल्या, आमालेबी ने एखांद्या वक्ताले, घरी सांगू नवस हाय म्हणून.
उजव्या टाचेला फोड येईलसं वाटतंय. पट्टी लावली.

७ फेब्रुवारी
२४ कि.मी. पाय बोलत नाहीत, म्हणजे सगळं ठीक. दुपारी रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप, अकरा. माझ्याकडे पाहिलं अन् पुन्हा चरायला लागले.

८ फेब्रुवारी
डोंगर लागला. पळसाला नुसत्या काळ्या कळ्या. नकाशात नाला निळा, इथं ठणठणीत कोरडा. बाटलीत दोन घोट. ऊन डोक्यावर. मागे फिरावं तर गाव दोन तासांवर.
पात्रातून खाली चालत राहिले. एका वळणावर वाळू गडद दिसली. बसले, हातानं उकरायला लागले. कोपरभर खोल गेल्यावर ओल, मग पाणी. पहिलं उपसून फेकलं, गढूळ. दुसरंही फेकलं. तिसरं निवळलं तेव्हा भरलं, गाळलं, प्याले. पाऊण तास गेला, नखं तुटली.
झिरा करायला कोणत्याही शिबिरात शिकवलं नाही मला. सात वर्षांची होते, बाबांबरोबर गुरांमागं गेले होते, तेव्हा त्यांनी शिकवलं. आज त्या वाळूत बसून मला राणीसारखं वाटलं.
१९ कि.मी.

९ फेब्रुवारी
अस्वल.
सकाळी साडेसात. बोरीखाली काळं काहीतरी हललं. वाटलं म्हैस. वीस पावलांवर होतं. त्यानं मान वर केली, मग उठून उभंच राहिलं.
पळायचं नाही, एवढं माहीत होतं. मोठ्यानं बोलत मागं सरकायचं. पण बोलायचं काय? तोंडातून ड्युटीवरचंच निघालं: "मंगरूळपीर! मंगरूळपीर! मानोरा, दिग्रस! चला, मागं सरका!" तेही दोनदा, पूर्ण आवाजात.
अस्वल खाली बसलं, अन् झुडपात निघून गेलं.
मी आणखी मागं सरकले अन् दगडांत पाय गेला. उजवा घोटा. आवाज आला.
टेकडीवर रेंज मिळाली. दिलीप म्हणाला, "मोटारसायकल घेऊन येतो, तिथंच थांब." इथवर गाडी येत नाही म्हटलं, अन् मला यायचंही आहे माझ्या पायानंच. तेवढ्यात फोन बाबांनी घेतला.
"कोणता पाय?"
"उजवा."
"बोटं हालतात काय?"
"हालतात."
"बूट काढू नको, सुजल्यावर पाय आत जाणार नाही. वरूनच घट्ट बांध. काठी डाव्या हातात. उतारावर आडवं उतर. गाव किती दूर?"
"चार किलोमीटर."
"मंग हळूहळू ये. बसू नको लय वेळ. पाय थंडा पडला का उठवत नाही."
फोन ठेवला त्यांनी. चालण्याबद्दल इतकं बोलले नव्हते कधी. रडले थोडी. मग काठी डाव्या हातात घेतली.
चार कि.मी.ला चार तास.

१० फेब्रुवारी
गावात सीताबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांच्या पडवीत मुक्काम. घोटा वांग्याएवढा, रंगही तोच. जंगलाचं गेट अजून चौदा कि.मी.
सकाळी विहिरीपर्यंत जाऊन पाहिलं. बारा पावलांत कळलं. थांबले. वाईट वाटलं, लाज नाही वाटली. चार दिवस, ६८ कि.मी., माझ्या पायानं.
दुपारच्या गाडीनं बाबा आले. एकटेच, धुतलेलं धोतर, दुखरा डावा गुडघा धरत उतरले. काही न विचारता घोटा अंगठ्यानं दाबून पाहिला. "मोडला नाही." मग जरा वेळानं, "अस्वलाले काय म्हटलं तू?"
सांगितलं. ठसका लागेपर्यंत हसले. सीताबाईंनी पाणी आणलं.
परतीच्या गाडीत कंडक्टरला, म्हणजे माझ्याच खात्यातल्या अनोळखी पोराला, बाबांनी आपणहून सांगितलं: "माही पोरगी हाय. इंझोरीवरून डोंगरानं चालत आली इथवर. हे गाडीत बसतच नवती, मी बसवली जबरदस्तीनं."
मी खिडकीबाहेर पाहत राहिले. खोटं होतं ते शेवटचं. दुरुस्त केलं नाही.

१ मार्च
ड्युटीवर, तिसरा दिवस. पाय धरतो, पण चालतो. मंगरूळपीरला एक बाई चढल्या, निरखून पाहिलं. "तुमीच काय अस्वलवाल्या?" कोणी सांगितलं विचारलं, तर म्हणे बाजारात एक म्हातारे सांगून राह्यले होते, सगळ्याईले.
संध्याकाळी त्यांचा फोन.
"रंजे, ते चौदा किलोमीटर कवा?"
"आता ऊन लागलं बाबा. पुढच्या थंडीत."
"रस्ता चढाचा हाय का सपाट?"
"पयले चढ. मंग सपाट."
 बैलाच्या घंटेचा आवाज येत होता मागून.
"मले सांगजो."
"पोचल्यावर?"
"निघायच्या आधी."
अन् फोन ठेवला. बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांचा डावा गुडघा कसा आहे, विचारायचं राहिलं.