परसूं येऊन गेला

९ फेब्रुवारी १९९६, रेल्वेत

सोलापूरला गीता चढली. बसायच्या आधीच माझ्या कमरेकडे बघून म्हणाली, "दादा, पुण्याचा पेजर हैदराबादेत वाजतो?"

वाजत नाही. पण आमच्या अंबरपेठच्या गल्लीला कुठं माहीत आहे! मायचा तिसरा स्मृतिदिन. नाक कापलेलं आहे, निदान कमरेला तरी काही असावं.

माय चार महिने अंथरुणाला होती. गीता एकटी जवळ, लग्न व्हायचं होतं तिचं. मी एकदाही गेलो नाही. माती झाल्यावर पोचलो, संध्याकाळच्या गाडीनं परत. "सुट्टी मिळाली नाही" — खरं तर मागितलीच नव्हती. नवी कंपनी, रंगीत टीव्ही, सगळ्यांत जास्त मी खपवले. कप मिळाला. शोकेसमध्ये आहे, धूळ मीच पुसतो.

गल्ली तोंडावर काय बोलेल, एवढीच भीती आहे.

१० फेब्रुवारी, अंबरपेठ

काचीगुडा स्टेशनपासून ऑटोत सबबी पाठ करत आलो. एकही लागली नाही.

शेजारचे हिम्मतराव म्हणाले, "जयभीम. मायला भेटाया परसूं तर आलतास की."

इथं परसूं म्हणजे परवा, आणि पाच वर्षांपूर्वीसुद्धा. वाटलं, मातीच्या वेळचं म्हणतायत. तर समोरच्या त्रिवेणीमावशी — "आजारात किती फेऱ्या मारल्यास रे. तू आणलेली बिस्किटं मायनं मलाबी दिली. लेक असावा तर असा."

मी काय केलं? पाया पडलो. लाज वाटायला हवी होती, आधी बरंच वाटलं.

मग कळलं. मायनं माझी अब्रू झाकली. मरायला टेकलेली बाई, गल्लीभर माझ्यासाठी खोटं बोलली. संडासात जाऊन रडलो. पेजर भांड्यात पडता पडता वाचला.

११ फेब्रुवारी

विहारात वंदना झाली. मला बोलायला उभं केलं. 'आदर्श माता' असं दीड पान लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. म्हणालो, "मी आजारात आलोच नव्हतो. माय तुमच्याशी खोटं बोलली. माझ्यापायी."

हिम्मतरावांनी खीर वाढली. "खा," म्हणाले.

गीता जेवली नाही.

१२ फेब्रुवारी, परतीची गाडी

सोलापूर जवळ आल्यावर गीता बोलली. "माय खोटं नाही बोलली, दादा. बिस्किटं मी आणायचे, अफझलगंजातून. ती औषधाच्या गुंगीत असायची. जाग आली की तुझंच विचारायची. मी सांगायचे, परसूं येऊन गेला, तू झोपली होतीस."

मी विचारलं, माय काय म्हणायची?

"मला रागवायची. उठवलं का नाहीस म्हणून."