जेंट्स टेलरची छाती

१४ एप्रिल १९८६, सकाळी सात
आजपासून रोजनिशी. वही नवी, मन शांत.
काल डॉक्टरांनी मुंबईचा रिपोर्ट वाचून सांगितलं की प्रोस्टेटची गाठ साधी नाही. साधी नाही म्हणजे जरा अवघड, एवढंच. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला अवघडाचं काय! उपाय दोन. एक ऑपरेशन, त्यात काय काढतात ते ऐकूनच मी खुर्चीवरून उठलो. दुसरा, रोज एक गोळी, जन्मभर. मी गोळी निवडली. निर्णयाला अर्धं मिनिट लागलं.
डॉक्टर म्हणाले, "धाकू मास्तर, एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकवलीत तर गाठ हाडात उतरेल." म्हटलं, मी गिऱ्हाइकाचा दिवाळीचा वायदा कधी चुकवला नाही, गोळी काय चुकवतो! (चुकले ते वायदे कापड उशिरा आल्यामुळे.)
गोळी बायकांच्या हार्मोनची आहे. इस्ट्रोजेन. बायकोला, मथुरेला, एवढंच सांगितलं की ताकदीची गोळी आहे. बायकामाणसाला उगाच घोर नको.

१७ एप्रिल
वाचनालयातून विज्ञानाचं मराठी मासिक आणलं. ग्रंथपाल सखाराम माझ्या वर्गातला. म्हणाला, "मास्तर, हे इंग्रजी पाचवी नापासाचं काम नाय." दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा समजलं.
सारांश असा. शरीरातल्या प्रत्येक पेशीत सगळे कागदी फर्मे टांगलेले असतात. कोटाचा, लेंग्याचा, सगळे. त्यांना जीन म्हणतात. पण सगळे एकदम कोणी वापरत नाही. इस्ट्रोजेन पेशीत शिरतं, तिथे त्याचीच वाट बघत बसलेला एक कारागीर असतो, त्याला बिलगतं, आणि दोघं मिळून नेमका हवा तो फर्मा खिळ्यावरून उतरवतात. मग त्याची नक्कल निघते, नकलेवरून माल तयार. काय सुंदर व्यवस्था! मेंदूतसुद्धा अशीच. गोळी घेतली की मेंदूला वाटतं हार्मोन भरपूर झालं, म्हणून तो खालच्या कारखान्याला ऑर्डर पाठवणं थांबवतो. त्या कारखान्याच्या मालावर पोसलेली माझी गाठ उपाशी राहते.
शेवटी कोंबड्याची हकीकत होती. कोंबड्याला इस्ट्रोजेन टोचलं तर त्याचं यकृत अंड्याच्या बलकातलं प्रथिन बनवायला लागतं. फर्मा त्याच्यातही टांगलेलाच असतो, आजवर कोणी उतरवलेला नसतो इतकंच. मी कोंबडा नाही. हा भाग सोडून दिला.

४ मे
छाती चौतीस. खबरदारी म्हणून मोजली. गेली वीस वर्षं चौतीसच आहे.
उकाडा भयंकर. दिवसभर ओटीवर उघडा बसून काजं केली. येसूबाई ब्लाऊजचं कापड घेऊन आली. पाटीवर स्पष्ट लिहिलंय, जेंट्स टेलर. पुरुषाचं अंग सरळ, दोन माणसांसमोर बेधडक मापावं. बायकांचं सगळं वळणावळणाचं. इथे टक्स घाला, तिथे सैल सोडा. ते मथुरा मागीलदारी हातमशीनवर करते. ते काम वेगळं, हे काम वेगळं.

२२ मे
साडेचौतीस. टेप घामाने आटली असणार.

३१ मे
नवी टेप आणली. पस्तीस. हल्लीच्या टेपा आखूड निघतात.
डाव्या बाजूला कोटाच्या बटणाएवढं काहीतरी हाताला लागतं, दाबलं तर दुखतं. उजव्या बाजूलाही. आंबे जास्त झाले.

३ जून
ठराव: ओटीवर उघडं बसणं ही असंस्कृत सवय आहे. आजपासून बनियन.

११ जून
बनियनमधून दिसतं. शर्ट घालतो. शर्ट घासून आग होते, म्हणून आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर लावलं. वर बक्रमाचं ताठ कापड घालून जाकीट. दुकानाचं दार लोटून काम. गिऱ्हाईक कमी झालं, पण शिस्त दिसते.
मथुरा म्हणाली, "अहो, पेजेच्या मडक्यासारखी वाफ येत्ये तुमच्यातनं. काढा की ते." मी सांगितलं, मुंबईला सगळे मास्तर असेच बसतात. तिने जाकिटाकडे पाहिलं. मग म्हणाली, बरं.
शेजारचा केरू कुंपणावरून ओरडला, "ओ मास्तर, आंघोळीला येत नाय हल्ली? इहिरीवर रुसलात काय?" म्हटलं, सर्दी आहे. आज सर्दीचा नववा दिवस. मथुरा बादल्या आत आणून देते.

२० जून
पूर्ण विचारांती प्रयोग सुरू. गोळीने दोन कामं केली. गाठ उपाशी ठेवली आणि छातीवरचा फर्मा उतरवला. पहिलं हवं, दुसरं नको. म्हणून आजपासून अर्धी गोळी. नको असलेलं अर्धं बंद होईल, हवं असलेलं चालू राहील. डॉक्टरांना अजून सांगितलं नाही. निकाल हातात आल्यावर सांगेन. त्यांनाही उपयोग होईल.

२ जुलै
साडेपस्तीस.
दुपारी मथुरा चुलीपुढून उठून पदराने वारा घेत दारात उभी राहिली. मानेवरून घाम ओघळत होता. चार वर्षं असंच चाललंय आणि चार वर्षं मी 'काय हे नाटक' म्हणत आलो. मासिकात आहे की बायकांचं हे हार्मोन आटलं की मेंदूतली उष्णतेची घडी बिघडते. तिचं आटलं, माझं चढलं. घरात एकूण माल तेवढाच.
उठून पंख्याचं तोंड तिच्याकडे केलं. ती दचकली. मला रडू आलं. म्हणजे मेंदूतलेही फर्मे उतरले. धोका वाढलाय.

१० जुलै
गोळी पूर्ण बंद. हिच्यासमोर तोंडात टाकायची, गालात ठेवायची, वर पाणी, मग दुकानात येऊन बटणांच्या डब्यात. गाठ आता उपाशी राहायला सरावली असेल. हिला काही कळत नाही. मन हलकं.

२३ जुलै
गोळीशिवाय तेरा दिवस. मुलगी विमलाचं मुंबईहून पत्र आलं, तिला दिवस गेलेत. परत रडू. फर्मा अजून खिळ्यावर गेलेला नसावा. मथुरेला कारण समजावून सांगणार होतो, तोवर तीच म्हणाली, "त्यात नवल काय? तिच्या लग्नात तुमचे हुंदके थांबेपर्यंत भटजी अक्षता धरून उभे होते." शास्त्र न वाचलेल्या माणसाशी वाद घालू नये.

१२ ऑगस्ट
कंबर धरली आहे. पायमशीनमुळे. चाळीस वर्षांत कधी धरली नव्हती, पण मशीनही म्हातारं झालंय.

१९ ऑगस्ट
डाव्या खुब्यात कोणीतरी दाभण खुपसून ठेवल्यासारखं. ओल फार आहे यंदा. पायमशीन बंद ठेवलं. छाती साडेपस्तीसच. हटत नाही.
ठराव: सुपारीएवढा ओवा रोज.

३० ऑगस्ट
आठ दिवसांवर गणपती. पूजेला घरातला मोठा माणूस बसतो. उघड्या अंगाने, सोवळं नेसून, साऱ्या वाडीसमोर. मोठा माणूस म्हणजे मी.
दार लावलेलं, खिडकी लावलेली, अंगात जाकीट, जाकिटाखाली शर्ट, शर्टाखाली अस्तर, अस्तराखाली मी. मासिक परत उघडलं. सुटकेबद्दल त्यात काही नाही.
योजना: मुलगा बाळा मुंबईहून येतोय, त्याला पूजेला बसवायचं. नव्या पिढीला संधी.

५ सप्टेंबर
बाळा म्हणाला, "बाबा, मला मंत्रातलं म येत नाय. तुम्ही असताना मी कसा बसू?" 'तुम्ही असताना' म्हणताना त्याने मथुरेकडे पाहिलं. चमत्कारिक मुलगा.
दुसरी योजना: हुडहुडी भरलीय म्हणून शाल.

७ सप्टेंबर, संध्याकाळ
शर्ट आणि शालीत पूजेला बसलो. भटजी म्हणाले, मास्तर, अंगवस्त्र पुरे. म्हटलं, ताप आहे. प्राणप्रतिष्ठेपर्यंत सगळं ठीक. आरतीला उठायला गेलो तर खुब्यात अशी कळ आली की ओरडलो आणि ताम्हनावरच पडलो. घाम, घाबरगुंडी, श्वास लागेना. मथुरा ओरडली, "वारा येऊ द्या त्यांना!" आणि सगळ्यांसमोर शर्ट फाडून उघडला. बटणं टणाटण उडाली. मी डोळे मिटून घेतले.
कोणी हसलं नाही. केरू मला बगलेत धरून म्हणाला, "मास्तर, ह्या गोळ्यांनी होतंच तसं. जयगडला माझ्या मेव्हण्याला पण झालं. तो गोळ्या खातोय म्हणून आज सातवं वरीस चाललंय." मी विचारलं, तुला कसं कळलं. म्हणाला, "आख्ख्या वाडीला ठाव हाय. ऐन उकाड्यात जाकीट घालून बसलेला मानूस दिसत नाय काय?"

९ सप्टेंबर
बाळाने टॅक्सी करून डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे झाला. डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज घेता ना? म्हटलं, नियमाने. मथुरेने पिशवीतून बटणांचा डबा काढून टेबलावर ठेवला. काल शर्टाला बटणं लावायला तिने उघडला होता. आत बटणं कमी आणि गोळ्या जास्त, अख्ख्या आणि अर्ध्या.
डॉक्टरांनी एक्स-रे परत उजेडाला धरला. मग म्हणाले, खुब्याच्या हाडात दिसतंय. परत सुरू करू, बघू. किती फरक पडेल ते आता सांगता येत नाही.
परतीच्या वाटेवर मी मथुरेला फर्म्याचं सांगायला लागलो. ती म्हणाली, "मला एप्रिलातच सगळं ठाऊक झालं. डॉक्टरांनी बोलावून सांगितलं होतं. ताकदीची गोळी म्हणालात, मी हो म्हटलं. जाकीट घातलंत, मी बादल्या वाहिल्या. तुम्हांला लाज वाटू नये म्हणून पाच महिने सोंग केलं मी. आणि तुम्ही मरायला निघालात? छाती चौतीस राहावी म्हणून? मी कशासाठी ठेवून घ्यायची ती चौतीस?" ती खिडकीबाहेर बघून रडत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही.

१३ सप्टेंबर, सकाळी सात
दुखणं आहे तसंच. डॉक्टर म्हणतात, महिनाभर तरी काही कळणार नाही.
हिने गोळी हातावर ठेवली. घेतली. पाणी प्यालो. म्हणाली, "आ करा." केला. म्हणाली, "जीभ वर." वर केली. दोन्ही गाल बोटाने चाचपले, चष्मा लावून परत बघितलं, आणि दूध उतू जातंय म्हणून धावली.
प्रयोग बंद. उद्यापासून ह्या वहीत हिने गोळीची खूण करायची असं ठरलं आहे. तिला माझ्या अक्षरावर विश्वास नाही.