आधीची दहा सेकंदं

३ मार्च
हरलो. स्पर्धेतून बाहेर. आणि कप्तान पूर्ण वेळ बाकावर! पत्रकारांनी कोचना परत परत कारण विचारलं. उत्तर एकच — "निर्णय माझा."

बाबांच्या सलूनमध्ये गिऱ्हाइकं सामना बघत होती. "अर्धी दाढी झालेला माणूस उठून शिव्या द्यायला लागला. मी वस्तरा कुठे धरू?" मी हसले खरी. पण फुटबॉलचा राष्ट्रीय संघ म्हणजे काय गंमत आहे?

४ मार्च
संघटनेच्या सचिवांनी बोलावलं. गेल्या आठवड्यातल्या सरावाचा व्हिडिओ हवाय — कोच कप्तानावर ओरडतात, दंड धरून त्याला मैदानाबाहेर काढतात, तेवढाच तुकडा. "समितीच्या बैठकीत दाखवायचाय. बाकीचं गुऱ्हाळ नको."

संघाच्या व्हिडिओंचं काम माझं. आणि कोचचा नियम आहे — कुठलाही तुकडा दाखवायचा तर आधीची दहा सेकंदं जोडायचीच. नाहीतर चेंडू घालवणारा दिसतो, त्याला वाईट पास देणारा दिसत नाही. तसं म्हटलं तर सचिव म्हणाले, "नोकरी कोणाची करता? कोचची की संघटनेची?"

कापून दिला. बैठकच तर आहे.

५ मार्च
टीव्हीवर! सगळ्या वाहिन्यांवर! 'कप्तानाला धक्काबुक्की.' संध्याकाळी कोचना काढलं. जाहीर केलं — राजीनामा.

बाबा एरवी गल्लीभर सांगत असतात, "मी केस कापतो, पोरगी चित्रं कापते." आज जेवताना हळूच विचारलं, "ते तू कापलंस?" मी मान डोलावली. "माझ्या हातून वाकडं कापलं गेलं तर महिन्याभरात वाढतं गं. तुझं?"

"जेवू द्या तिला," आई म्हणाली.

६ मार्च
पूर्ण चित्रण आज पाहिलं. परवा घाईत थेट ओरडण्यापासूनच उघडलं होतं.

आधीची दहा सेकंदं — कप्तान आणि गोलकीपर उडी मारतात, डोक्यावर डोकं आपटतं. कप्तान पडतो. उठतो, हसतो. आणि निळं जाकीट घातलेला तो पिवळ्या जाकिटवाल्यांत जाऊन उभा राहतो. समोरच्या संघात! कोच धावतात ते तेव्हा.

७ मार्च
कोचकडे गेले. खोक्यात बूट भरत होते. लॅपटॉपवर पूर्ण चित्रण लावून म्हटलं, "हे मी बाहेर देते. नोकरी गेली तर गेली."

"मॅडम पदवीधर," — ते मला असंच चिडवतात — "बंद करा ते."

मग सांगितलं. कप्तानाने हातापाया पडून विनवलं होतं — परदेशी क्लबशी करार व्हायचाय, डोक्याचं कळलं तर सगळं संपलं. कोचनी कुणाला न सांगण्याचा शब्द दिला. अट एकच — डॉक्टर हो म्हणेपर्यंत खेळायचं नाही.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांच्या शिव्या खाणार?"

"शिव्यांनी माझं डोकं फुटत नाही."

"आणि तो गेला का डॉक्टरकडे?"

ते एका बुटाची नाडी उगाच बांधत, सोडत राहिले. "म्हणालाय जाईन."

माझ्याकडूनही शब्द घेतला. किती मोठा माणूस! पण परतताना प्रश्न पडला — आम्ही दोघं नक्की काय सांभाळतोय — त्याला की त्याच्या कराराला?

९ मार्च
नवे कोच आले. पहिलंच वाक्य — "कप्तान परत!" टाळ्या. सचिव माझ्याकडे बघून हसले.

कप्तानाला जिन्यात गाठलं. "डॉक्टरांकडे जाऊन आलात?"

"अहो ताई, एकदम ठणठणीत! हे बघा." जागच्या जागी उडी मारून दाखवली. खाली आल्यावर कठडा धरला.

१० मार्च
दिलेला शब्द पाळायचा, हेच शिकत आले. मग हा का टोचतोय?

१४ मार्च
हॉस्पिटलच्या बाकावर लिहितेय. आज नव्या कोचचा पहिला मैत्रीपूर्ण सामना. पूर्वार्धात कप्तानाने चेंडूला डोकं लावलं. टाळ्या. खेळ परत सुरू व्हायचा होता, सगळे आपापल्या जागी गेले — तो समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. लोक हसले. मी कॅमेरा तसाच सोडून लॅपटॉप घेऊन संघाच्या डॉक्टरांकडे पळाले. सरावाचा तो व्हिडिओ पहिल्यापासून लावला. डॉक्टरांनी पूर्ण बघितलंही नाही, ते मैदानात धावले.

तो आत आहे. बोलतोय. सचिवांनी माझं ओळखपत्र काढून घेतलं.

कोच आत्ताच धापा टाकत आले. मी म्हटलं, "शब्द मोडला मी." त्यांनी लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला, व्हिडिओ दहा सेकंदं मागे नेला आणि बघत बसले.